कुणाचंच नसलेलं वन

फार पूर्वी, पूर्वेच्या समुद्राकाठी, भातशेती संपून चिखल सुरू होतो अशा एका मुलखात खेकडे धरणारी एक बाई राहत होती. तिचं गाव लाकडी खांबांवर उभं होतं. प्रत्येक घराला एक शिडी आणि शिडीखाली उपडी घातलेली होडी. गावाच्या पाठीशी डोंगर, पुढ्यात भातशेतं, शेतांपुढे कांदळवन आणि वनापुढे समुद्र. वन गेलं तर शेतं राहणार नाहीत आणि शेतं गेली तर गाव राहणार नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याची जास्त चीड येते.

या गावाची एक रीत होती. कांदळवनातल्या कशालाही ‘माझं’ म्हणायचं नाही. स्वतः धरलेल्या खेकड्याला नाही, स्वतः तोडलेल्या फाट्याला नाही. ‘वनानं दिलं’ एवढंच म्हणायचं. गावाचे पूर्वज दूरच्या बेटावरून दोन होड्यांतून इथं आले, तेव्हा दोन सख्खे भाऊ एका झाडावरून भांडले. ‘माझं, माझं’ करता करता एकाने दुसऱ्याच्या डोक्यात वल्हं घातलं. त्या दिवसापासून हा नियम झाला. जो कोणी वनाला ‘माझं’ म्हणेल, त्याने जन्मभर वनात पाऊल ठेवायचं नाही.

नियम चांगला होता. त्यामुळे वनात कधी कुंपण पडलं नाही आणि कधी कुणी उपाशी राहिलं नाही. खेकडेवालीचं तर सगळं आयुष्यच त्या वनात गेलं होतं. ओहोटी लागली की ती टोपली पाठीला बांधून आत शिरायची आणि पाणी चढायच्या आत बाहेर यायची. कुठल्या मुळाखाली कुठलं बीळ आहे, हे तिला स्वतःच्या चुलीपेक्षा जास्त ठाऊक होतं. नवरा समुद्रात गेला तो परत आला नव्हता. शेत तिला नव्हतं. वन होतं म्हणून ती होती.

एक दिवस राजधानीतून एक अंमलदार आला. मोठा गोड बोलणारा माणूस. राजाला आपल्या सगळ्या मुलखाची माहिती हवी होती, म्हणून तो एक जाडजूड वही घेऊन गावोगाव फिरत होता. वहीत तीन रकाने होते. जमीन कशी, लोक कोण, इतिहास काय. गावाने त्याला नारळाच्या दुधातला भात वाढला, भाजलेला मासा वाढला. त्याने बोटं चाटून जेवण केलं आणि वही उघडली.

शेतं कुणाची, घरं कुणाची, होड्या कुणाच्या, हे सगळं लिहून झाल्यावर त्याने समुद्राकडे बोट केलं. “आणि ते वन कुणाचं?”

लोक एकमेकांकडे बघू लागले.

“नीट ऐका,” अंमलदार म्हणाला. “ज्या जमिनीला मालक नाही ती राजाची होते. राजधानीतल्या भट्ट्यांना कोळसा लागतो आणि या लाकडाचा कोळसा फार चांगला होतो असं ऐकलंय. पण कुणी एकाने जरी ‘हे माझं आहे’ असं माझ्यासमोर सांगितलं, तर मला वनाला हात लावता येत नाही. मग राजधानीत सुनावणी करावी लागते, साक्षी काढाव्या लागतात. त्या भानगडीत मी पडत नाही. तेव्हा सांगा, आहे कुणाचं?”

इतकं स्पष्ट. याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं?

खेकडेवालीने गावप्रमुखाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तो सत्तरीचा होता, भरपूर शेताचा धनी होता, आणि गुडघे धरल्यापासून वनात गेला नव्हता. ‘माझं’ म्हणून त्याचं काय जाणार होतं? ज्या वनात तो जातच नाही तिथं जायची बंदी झाली असती, एवढंच. तो बोलेल म्हणून ती थांबली.

प्रमुख उठला. त्याने अंगरखा नीट केला आणि अभिमानाने म्हणाला, “साहेब, त्या वनाचा मालक कुणीच नाही. आमच्यात वनाला कुणी माझं म्हणत नाही. आम्ही तसले लोभी लोक नव्हे.”

गावाने माना डोलावल्या. म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, इतका त्यांना आपल्या रीतीचा अभिमान वाटला.

अंमलदारालाही फार आनंद झाला. त्याने लिहिलं, ‘जमीन: चिखल. लोक: नाहीत. इतिहास: नाही.’ आणि खाली शिक्का मारला.

खेकडेवालीच्या जिभेवर शब्द आला होता. पण तो बाहेर पडला असता तर उद्यापासून टोपली कुठं न्यायची? तिने तो गिळला. तिची भीती समजते. पण समजली म्हणून माफ करावी असं नाही, आणि पुढे तिनेही स्वतःला माफ केलं नाही.

आठ दिवसांत कुऱ्हाडी आल्या. वनाच्या मधोमध एक ओहोळ होता. त्याच्या उत्तरेचं सगळं वन पहिल्या हंगामात तोडायचं, दक्षिणेचं दुसऱ्या, असं ठरलं होतं. महिनाभर ठकठक चालू होती. गाव ओट्यावर बसून ऐकत होतं. कुणी रडलं, कुणी देवाला नारळ वाहिला. प्रमुख म्हणाला, “आपण रीत सोडली नाही, हे वर कुणीतरी बघत असेल.” वर कुणी बघत असेल-नसेल, खाली समुद्र बघत होता.

वारा फिरला आणि मोठं उधाण आलं. उत्तरेला आता अडवायला काही उरलं नव्हतं. खारं पाणी तुटलेल्या बुंध्यांवरून सरळ शेतांत घुसलं आणि तीन दिवस तिथेच उभं राहिलं. कंबरभर वाढलेलं भात पिवळं पडलं आणि आडवं झालं. उत्तरेच्या दोन्ही विहिरी खाऱ्या झाल्या. नऊ घरांचे खांब कलले आणि त्या घरांतली माणसं नातेवाइकांच्या ओट्यावर येऊन पडली. दक्षिणेच्या शेतांत मात्र, जिथं वन शाबूत होतं, भात तसंच्या तसं हिरवं उभं होतं. डोळे असणाऱ्याला आणखी काय दाखवायचं होतं?

पण कुणी ते मोठ्याने बोललं नाही. दैवाला दोष देऊन सगळे मोकळे झाले.

पुढच्या हंगामात अंमलदार पुन्हा आला, तसाच गोड हसत. दक्षिणेचं वन तोडायच्या आधी कायद्याप्रमाणे त्याला पुन्हा विचारणं भाग होतं. भर दुपारी सगळं गाव मोठ्या छपराखाली जमलं. या वेळी जेवायला भात नव्हता, उकडलेले कंद होते. तेही त्याने खाल्ले.

“दक्षिणेचं वन कुणाचं?”

प्रमुखाने खाली पाहिलं. शेतवाल्यांनी खाली पाहिलं. ज्यांची घरं कलली होती तेही मूग गिळून बसले.

खेकडेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली.

“माझं आहे,” ती म्हणाली.

छपराखाली एकदम गलका झाला. तिची शेजारीण तिचा हात ओढायला लागली. “अगं, काय बोललीस? बस खाली. साहेब, हिला बरं नाहीये.”

“मला काही झालेलं नाही,” खेकडेवाली म्हणाली. “दक्षिणेचं वन माझं आहे. लिहा.”

अंमलदाराच्या तोंडावरचं हसू गेलं. “वहीत लिहिलंय की तिथं लोक नाहीत आणि इतिहासही नाही. मग तुझं कसं?”

“वही चुकलीय. तुम्ही आत एकदा तरी गेलात का? ओहोळाच्या तोंडाशी ते जुनं झाड आहे, त्याच्या मुळाला आमच्या पूर्वजांची पहिली होडी बांधली होती. त्याच्यापुढच्या वळणावर भावाने भावाला मारलं. मोठ्या वादळात माझ्या आजीला दोन दिवस ज्या मुळांनी धरून ठेवलं ती मी दाखवते. गावातल्या सगळ्या बायकांनी दुष्काळात कुठले खेकडे उकडून पोरं जगवली ते दाखवते. कोळंबी कुठं अंडी घालते, भरती कुठून शिरते, चिखल कुठं कमरेएवढा आहे तेही दाखवते. जमीन, लोक, इतिहास. तुमचे तिन्ही रकाने भरतील. चला, ओहोटी आहे तोवर.”

अंमलदाराने आपल्या स्वच्छ जोड्यांकडे पाहिलं, मग वनाकडे पाहिलं. त्याला चिखलही नको होता आणि सुनावणीही नको होती. त्याने तिचा अंगठा घेतला, पूर्वीची ओळ खोडून ‘दावा आहे’ असं लिहिलं, आणि पाणी चढताच होडीत बसून निघून गेला. पुन्हा तो त्या गावाला आला नाही.

वन वाचलं. आता गाव तिच्या पाया पडलं असेल, असं वाटतं ना? तसं झालं नाही. संध्याकाळी त्याच छपराखाली बैठक बसली. जी तोंडं दुपारी उघडली नव्हती ती सगळी आता उघडली. रीत म्हणजे रीत. आज एकीला सोडलं तर उद्या कुणीही उठून माझं म्हणेल. शेवटी प्रमुखाने निर्णय दिला.

“पोरी, तू ‘माझं’ म्हणालीस. आजपासून जन्मभर तुला वनात पाऊल ठेवता येणार नाही.”

“ठाऊक होतं मला,” ती म्हणाली. “ठाऊक असून म्हणाले.” तिने टोपली छपराच्या खांबाला टांगली आणि ती घरी गेली.

त्या वर्षी दक्षिणेच्या शेतांत भात उत्तम आलं. त्यावर सगळं गाव जगलं. खेकडेवाली शेतांच्या बांधावरून गोगलगायी वेचून, शेजाऱ्यांची जाळी विणून दिवस काढत होती. ओहोटीच्या वेळी ती वनाच्या काठावर जाऊन उभी राहायची आणि पाणी चढलं की परत फिरायची. तिला आत जाताना कुणी कधी पाहिलं नाही.

हे बघून प्रमुखाला हळूहळू अन्न गोड लागेना. एक दिवस सकाळी तो काठी टेकत तिच्या शिडीपाशी आला. दोघा नातवांकडून त्याने खेकड्यांची भरलेली टोपली उचलून आणवली होती.

“पोरी, हे घे,” तो म्हणाला. “आणि ऐक, आम्ही विचार केलाय. तुझ्यासाठी रीत थोडी सैल करू. तुझी शिक्षा माफ.”

ती शिडीच्या वरच्या पायरीवर बसून जाळं विणत होती. तिने हात थांबवले नाहीत.

“रीत सैल करू नका, बाबा. मी नियम मोडला, त्याची शिक्षा मी भोगतेय. माझी काही तक्रार नाही. पण मला एक सांगा. उत्तरेचं वन गेलं तेव्हा तुम्ही नियम पाळलात. सगळ्यांनी पाळलात. मीही पाळला. एकाचाही पाय घसरला नाही आणि वन गेलं, भात गेलं, नऊ घरं गेली. नियम मोडण्याची शिक्षा तुम्हाला पाठ आहे. नियम पाळून गाव बुडवलं, त्याची शिक्षा काय?”

प्रमुखाने काठीवरचा हात बदलला आणि टोपलीकडे पाहिलं. 

“तुम्ही सांगत नाही, तर मी सांगते,” ती म्हणाली. “ती टोपली परत न्या. कांदळाच्या शेंगा पिकून गळायला लागल्यात. जे जे त्या दिवशी गप्प बसले, त्यांनी रोज ओहोटीला उत्तरेच्या चिखलात उतरायचं आणि त्या रोवायच्या. काठी टेकणाऱ्यांनीसुद्धा. तिथं आता वन नाही, नुसता चिखल आहे. तेव्हा तिथं मलाही यायला बंदी नाही. मी पण गप्प बसले होते.”

तिने जाळं बाजूला ठेवलं, लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि ती शिडी उतरली. प्रमुख अजून तिथेच उभा होता. ती त्याच्या बाजूने पुढे गेली आणि मागे वळून म्हणाली, “चला बाबा, पाणी उतरलंय.”

सत्तरीचा तो म्हातारा तिच्या मागोमाग गुडघाभर चिखलात उतरला. आणि मग एकेका शिडीवरून सगळं गाव खाली उतरायला लागलं.

तात्पर्य: जे वाचवण्यासाठी नियम केला तेच बुडत असताना नियमाआड गप्प बसणारा माणूस सज्जन नसतो, बुडवणाऱ्याइतकाच तोही दोषी असतो.