सोबतीची टेकडी

थांबा पाहुणे, वर जाऊ नका. एकटे आहात ना? मग बसा इथं, ह्या दगडावर. वर दिसतंय ते आमचं प्रार्थनाघर. चार भिंती, वर कौलं, आत एक लाकडी क्रूस, बाकी काही नाही. दाराला कुलूपसुद्धा नाही. पण तिथं एकट्यानं जायचं नाही, अशी ह्या गावाची रीत आहे. एकदा बिशपसाहेब आले होते, त्यांनासुद्धा ड्रायव्हरला बरोबर घेऊन चढावं लागलं. मला बर्णबातात्या म्हणतात. रीत कुठून आली ते सांगतो, तोवर दम खा.

आमची माणसं ख्रिस्ती होऊन एखादीच पिढी झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. गावात हनोख नावाचा माणूस होता. बायको ठकूबाई आणि एकच लेक, दीना. पटकीची साथ आली आणि दीना गेली. हनोखनं जमिनीवर डोकं आपटून घेतलं म्हणे. मग त्याच्या मनानं घेतलं, की आपलं घर देवाला पुरेसं पवित्र नव्हतं, म्हणून लेक गेली. आता आपण इतकं पवित्र राहायचं, की मेल्यावर देवानं आपल्याला लेकीजवळ नेलंच पाहिजे. तसा तो नवस बोलला आणि ह्या टेकडीवर झोपडी घालून राहिला.

पण पवित्र राहायचं म्हणजे काय करायचं, हे त्याला दाखवलं होतं कोणी? त्यानं जन्मभर पाहिलं होतं ते सोवळं. आमच्या वाडवडलांना विहिरीपासून लांब उभं करणारं. वरून कोणी पाणी ओतलं तर ओंजळीनं प्यायचं, नाहीतर तहानलेलं परत जायचं. तेच सोवळं ह्या शहाण्यानं उचलून डोक्यावर घेतलं. सासुरवास सोसलेली सून सासू झाली की जास्तच जाच करते, तशातली गत. पाण्याचं गाडगं वेगळं, त्याला कोणी शिवायचं नाही, अंगावर कोणाची सावली पडायला नको. पाळकांनी समजावलं, की बाबा, आपल्या प्रभूनं महारोग्यालाही हात लावला. हनोख ऐकेल तर शपथ.

ठकूबाई रोज भाकर घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत यायची, खडकावर ठेवायची आणि मागं सरायची. तो उतरायचा, भाकरीवर पाणी शिंपडायचा आणि घेऊन जायचा. तिला काय पाहिजे होतं? नवऱ्याशेजारी गुडघे टेकून लेकीच्या नावानं एकदा प्रार्थना करायची होती, एवढंच. घरात तिच्याबरोबर रडायलासुद्धा दुसरं माणूस नव्हतं. ती खालून विनवायची, तो वरून म्हणायचा, लांब हो, माझा नवस मोडेल. मग ती तिथंच एकटी प्रार्थना करायची आणि तो वर एकटा. देव एक, लेक एक, आणि ही दोघं दोन ठिकाणी. मला अजून राग येतो त्याचा.

पुढं भाकर यायची थांबली. मग एका सकाळी त्याला वरून प्रेतयात्रा दिसली, ठकूबाईची. उतरावं तर माती द्यावी लागेल, विटाळ होईल, म्हणून तो उतरला नाही. लोक कबर बुजवून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी तो प्रार्थनेला बसला, तर तोंडातून शब्द फुटेना. झोपडीपाशी चरायला येणाऱ्या शेळ्यांना हाकायला आवाज होता, पण देवाचं नाव घ्यायला गेलं की जीभ टाळूला चिकटायची, असं सांगतात. तेव्हा कुठं त्याचे डोळे उघडले. तो गावात आला आणि दारोदार फिरला, की माझ्याबरोबर कोणीतरी वर चला, प्रार्थनेला बसा. पण जो तो दारातून मागं सरला. इतकी वर्षं त्याचं सोवळं सांभाळायची सवय लागलेली. रागानं नाही हो, चांगल्या मनानंच म्हणाले, "बाबा, तुम्हाला आमचा विटाळ होईल."

तो परत येऊन इथं टेकडीच्या पायथ्याशी बसला. किती दिवस बसला, कोणास ठाऊक. उन्हाचे दिवस होते. वाटेनं टोपल्या विकणारी एक म्हातारी आली. कुठली, कोणत्या देवाची, कोणी विचारलं नाही. तिनं पाणी मागितलं आणि लांब उभी राहून ओंजळ पुढं केली. ती ओंजळ बघून हनोखला आपला बाप आठवला म्हणे. त्यानं अख्खं गाडगंच तिच्या हातात दिलं. ती तोंड लावून प्यायली आणि तिच्यामागून त्याच गाडग्याला तोंड लावून तो प्यायला. मग म्हणाला, माझ्याबरोबर वर चल, प्रार्थनेला.

म्हातारी म्हणाली, "मला तुमच्या देवाचं काही येत नाही."

"नसू दे येत. नुसती शेजारी बस."

दोघं चढून गेली. त्यानं गुडघे टेकले, तोंड उघडलं आणि पहिला शब्द निघाला तो "ठकू". मग ढसाढसा रडला. म्हातारी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. प्रार्थना त्यानंतर आली. देवानं त्याला क्षमा केली असेल, मी कोण बोलणारा? पण ठकूबाईचं मागणं राहिलं ते राहिलंच, आणि ते दुःख त्याला मरेपर्यंत पुरलं. पुढं तो झोपडी सोडून खालीच राहिला, आणि झोपडीच्या जागी गावानं हे प्रार्थनाघर बांधलं. कोणी एकटं आलं, की त्याच्या सोबतीनं चढायचा.

आजही इथं दोघांनीच चढायचं असतं. दुसरा ख्रिस्तीच पाहिजे असं नाही, त्याला प्रार्थना यायला पाहिजे असंही नाही. पूर्वी माणसांना तोटा नव्हता. आता पोरं पुण्याला गेली, आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, पलीकडं मळ्याच्या कडेला मातीत निजली. मी रोज इथं येऊन बसतो आणि ऊन उतरलं की घरी जातो. नाताळापासून वर गेलेलो नाही. तुम्ही फोटो काढायला आलात, ते कळलं मला. काढा की, निवांत काढा. फक्त चढताना मला हात द्या. प्रार्थना येते हो मला, पण एकट्याला वर जाता येत नाही.