गुडघा कुठं पळून जातोय?

तासगावच्या मंगल कार्यालयात गुडघेदुखीचं मोफत शिबिर भरलं होतं. डॉक्टर रणदिव्यांनी माईकवरून निम्म्या गर्दीचे गुडघे केव्हाच भंगारात काढले होते. आता सगुणामावशींचा एक्स-रे उजेडाला धरून ते गरजले, "व्यायाम, पट्टा, काठी, ही सगळी थेरं आहेत, मावशी! सोमवारी ॲडमिट व्हा. दोन्ही गुडघे बदलून टाकू."

घाबरल्या की मावशींची जीभ जास्तच चालायची.

"आणि बदलल्यावर मी काय करायचं?"

"रोज व्यायाम करायचा. वजन उतरवायचं. थोडे दिवस काठी घ्यायची. भाकरीसुद्धा खाली बसून नाही, ओट्यापाशी उभ्यानं थापायची. नाहीतर ऑपरेशन पाण्यात!"

"अगंबाई! मग ही थेरं मी आधीच करून बघते की."

हॉलभर खसखस पिकली. डॉक्टर लालबुंद झाले. "आणि त्यानं नाही भागलं तर?"

"तर येईन की तुमच्याकडंच. गुडघा कुठं पळून जातोय? त्याला पळता येत असतं, तर मी इथं कशाला आले असते?"