सालोलीची बिनदाराची खिडकी

वसईपट्टीतल्या सालोली गावी मुलींची जुनी मिशन शाळा आहे. तिच्या पहिलीच्या वर्गाला केळीच्या वाडीकडे उघडणारी एक रुंद खिडकी आहे. तिला दारे नाहीत, गजही नाहीत. पाहुणे विचारतात, "चोर शिरत नाहीत का?" तेव्हा गावातली जाणती माणसे ही हकिगत सांगतात.

फार वर्षांपूर्वी, पाऊस सरताना, सिस्टर आपोलोन्या इथे एकट्याच आल्या. मोठ्या मदरनी त्यांना नाताळपर्यंत मुदत दिली होती. तोवर एकही मुलगी शिकताना दिसली नाही, तर शाळा बंद. पण मुली येणार कशा? पाऊस गेला की वाड्यांना पाणी लागे आणि विहिरीवरच्या रहाटाचा बैल हाकणे हे घरच्या मुलीचेच काम. घंटा झाली की सिस्टर रिकाम्या वर्गात उभ्या राहत आणि मोठ्याने बाराखडी म्हणत. कुंपणापलीकडून बायका हसत, "यंदा भिंत पास होणार ग!" दिवसचे दिवस त्यांच्याशी कुणी बोलत नसे, असे सांगतात.

खिडकीसमोरचा रहाट वाडीवाल्या पेद्रूची थोरली मुलगी कातरीन हाकायची. बैलामागे 'हो हो' करता करता ती एके दिवशी 'क का कि की' म्हणू लागली. बैल त्यावरच चालायला शिकला. पलीकडच्या रहाटांवरच्या मुलींनीही ते उचलले. सिस्टरच्या धड्याला बाहेरून उत्तर येऊ लागले.

पेद्रू मात्र भडकला. "बैलाला पाद्री करायचंय का तुला?" त्याने तिला गप्प केले आणि काठी स्वतः हाती घेतली.

नेमक्या त्याच दिवशी मदर आल्या. सिस्टरनी 'क' म्हटले. उत्तर नाही. पुन्हा म्हटले. बाहेर पेद्रू 'हो हो' ओरडत होता आणि बैल जागचा हलत नव्हता. पाटातले पाणी आटत चालले. शेवटी तो हरला.

"म्हण ग बाय, तुझं ते काय ते म्हण."

कातरीन म्हणाली. बैल चालला. मग या वाडीतून त्या वाडीत मुलींचे आवाज उठत गेले. मदर खिडकीत उभ्या राहून ऐकत राहिल्या. शाळा राहिली.

नाताळ झाल्यावर आयांनीच रहाटाच्या काठ्या हाती घेतल्या आणि मुली पाठवल्या. कातरीनही वेणी घालून दारापर्यंत आली. पण तिच्यावाचून पेद्रूचा बैल कुणाचेच ऐकेना. "केळी वाळतील, बाय," पेद्रू म्हणाला. त्या दिवशी तो ओरडला नाही म्हणे. ती परत फिरून रहाटावर गेली.

सिस्टरनी सुताराला बोलावून खिडकीची दारे आणि गज काढायला लावले. कातरीनचे उत्तर आल्याशिवाय वर्गाने तोंड उघडायचे नाही, असा नेम केला. पुढे तिला लांबच्या गावी दिली आणि बाहेरचा आवाज थांबला. नेम कुणी मोडला नाही.

आजही नाताळची सुट्टी संपून शाळा भरते, तेव्हा बाई पहिले अक्षर म्हणतात आणि वर्ग गप्प राहतो. वाडीत आता विजेचा पंप आहे. कुणीतरी उत्तर देईल म्हणून नव्या मुली कान देऊन बसतात. बाई वाट पाहतात. मग कातरीनच्या जागी दुसरे अक्षर त्या स्वतःच म्हणतात.