मोगरपरी आणि न रडणारं बाळ

गोष्ट वेलदोड्याएवढीच, पण वास घरभर दरवळेल अशी. मंजुळा नावाची एक चिमुकली मुलगी होती. बाबा लांब वीटभट्टीवर, आई नुकतीच बाळंत झालेली. म्हणून दुसऱ्याच्या मळ्यातला मोगरा मंजुळाच खुडायची. पाय अनवाणी, परकराला ठिगळं. पण कोमेजलेलं रोप दिसलं, की स्वतःसाठी आणलेलं पाणी ती आधी त्याला घालायची.

घरी तिचा इवलासा, गुलाबी भाऊ होता. तो रडतच नव्हता.

"काय गुणाचं लेकरू," म्हणत भागीआत्या त्याच्या बेंबीवर चुलीतली राख दाबायची. "बाकीची पोरं घर डोक्यावर घेतात. हा बघ, साधू."

मंजुळाला काही हा साधू पटेना. काल चुटुचुटु दूध पिणारं बाळ आज तोंड फिरवत होतं. तळवे गारगार, आणि छाती चिमणीसारखी भराभर उडत होती.

"आत्या, दवाखान्यात नेऊ या ना."

"बारशाआधी बाळ उंबऱ्याबाहेर काढत नाहीत गं. जा, फुलं आण."

मंजुळा डोळे पुसत मळ्यात गेली. तिथं सुकलेल्या मोगऱ्याला तिनं पाणी घातलं, तशी एक कळी चंदेरी उजेडात उमलली. आत अंगठ्याएवढी परी; पंखांवर दवाचे टिपके, पायात घुंगरू.

"पाणी तू दिलंस, वर मी देते," परी म्हणाली. "पण एकच. आणि दुखणं बरं करणं माझ्या हातात नाही. त्याला औषधच लागतं."

निळा रेशमी परकर क्षणभर मंजुळाच्या मनात आलाच. खोटं कशाला सांगा. मग ती म्हणाली, "बाळाला बोलता येत नाही. त्याचं म्हणणं आईला ऐकू येऊ दे."

"दिलं. पण शेवटपर्यंत ऐकायचं. अर्ध्यावर सोडलं, तर वर विझतो."

घरी आईच्या कुशीतून पाकळीएवढा आवाज आला, "आई, गार वाटतंय. दूध ओढायला बळच नाही."

आई ताडकन उठली. बाळाला छातीशी धरून तिनं वरून पदर घेतला.

"वहिनी, बारसं व्हायचंय अजून," आत्यानं दार अडवलं.

"बारसं करायला बाळ हवं ना, वन्सं?"

आत्या बाजूला झाली.

"बेंबीतून जंतू रक्तात शिरलेत," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बरं झालं, लगेच आणलंत." सुया सुरू झाल्या. बाळ दूध प्यायला लागलं, तशी मागोमाग आलेली आत्या म्हणाली, "झालं की बरं. चला घरी."

"अजून नाही, आई," पाकळी कुजबुजली. औषध पुरतं होईपर्यंत आई हलली नाही.

निघताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "अशा दुखण्यात कधीकधी कान अधू होतात. लक्ष ठेवा."

बारसं उशिरा झालं, पण थाटात. आत्यानं राखेची वाटी आधीच उकिरड्यावर रिकामी केली होती. पाळण्याला मोगऱ्याची माळ होती, आणि तिच्यात अगदी हळू घुंगरू वाजलं. बाळानं डोळे तिकडे वळवले आणि असं भोकाड पसरलं, की पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले.

"गेला आमचा साधू," आत्या हसत म्हणाली.

माळेतून सोनेरी-गुलाबी उजेड उसळला, छतापर्यंत गेला आणि विरघळला. पाळण्याखाली निळ्या परकराची घडी होती, बरोबर मंजुळाच्या मापाची.