फणसावरचा युवराज आणि मातीचे फासे

"आवा आजच्या आज मोडा! महाराजांच्या श्रीखंडाला धुराचा वास येतो!"

शिपायाचं हे बोलणं ऐकलं आणि भागोजी कुंभाराच्या हातातलं ओलं मडकं चाकावरच बसकलं. आवा मोडला तर मडकी भाजायची कुठे? आणि मडकीच नाहीत तर घरात खायचं काय? त्याची मुलगी येसू मात्र हातावरची माती न धुताच उठली, ती थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

उंबरनगरीचा राजा भीमकेतू म्हणजे हट्टाचा पुतळा. एकदा तो म्हणाला, 'आज ऊन पडणार नाही.' ऊन पडलं, तर हा दिवसभर डोळे मिटून बसला!

"महाराज, आवा राहू द्या," येसू म्हणाली. "बदल्यात सांगाल ते काम करते."

"सांगू ते?" राजाने मिशीला पीळ दिला. "त्या खिडकीतून बघ. फणसाच्या झाडावर काय दिसतंय?"

"फणस, महाराज. आणि एक मुलगा."

"तो आमचा युवराज! पाटी नुसती दिसली तरी झाडावर चढतो. मागच्या गुरुजींनी झाडाखाली उभं राहून पाढे म्हटले, तर वरून फणस आला! गुरुजी जे पळाले ते अजून पळतायत. परवा समुद्राकाठी दिसले म्हणे!"

दरबार हसला. राजा हसला नाही.

"दसऱ्यापर्यंत युवराजाला बेरीज आणि गुणाकार यायला हवेत. पण तू त्याला शिकवायचं नाही! एक जरी उत्तर शिकवलंस, तरी आवा मोडलाच म्हणून समज."

"शिकवायचं नाही, पण त्याला यायला हवं. एवढंच ना? ठरलं!"

घरी भागोजीने कपाळावर हात मारला. "ठरलं काय म्हणालीस, अगं? न पेरता पीक काढणार आहेस?"

"बा, मुठीएवढी मळलेली माती दे," येसू म्हणाली.

तिने मातीचे दोन फासे वळले, काडीने ठिपके टोचले आणि मडक्यांबरोबर आव्यात खरपूस भाजून काढले. दुसऱ्या दिवशी ओटीभर चिंचोके आणि दोन बोळकी घेऊन ती फणसाखाली जाऊन बसली. वर पाहिलंसुद्धा नाही. फासे टाकले आणि मोठ्याने ओरडली, "चार न् पाच, दहा! घे येसू, दहा चिंचोके!"

फांदी हलली.

"सहा न् तीन, दहा! वा, काय नशीब!"

"नऊ!" वरून आवाज आला.

"कोण बोललं?"

"मी बोललो! सहा न् तीन नऊ होतात, वेडे! मघाशीही नऊच होते!"

"छे! आमच्या गल्लीत दहाच होतात."

आता मात्र युवराजाला राहवेना. तो सरसर खाली उतरला, ठिपक्यांवर बोट ठेवून मोजून दाखवलं आणि तिच्या बोळक्यातले जास्तीचे दोन चिंचोके काढून घेतले. मग दुसरं बोळकं स्वतःपुढे ओढलं. "माझा डाव!"

तेव्हापासून रोज हाच खेळ. जितके ठिपके तितके चिंचोके, ज्याचं बोळकं आधी भरेल तो जिंकला. येसू रोज चुकायची, युवराज रोज डोकं धरायचा. पुढे बोळकं भरायला फार वेळ लागतो म्हणून त्यालाच कंटाळा आला.

"मग एका फाशाचे ठिपके तितक्या रांगा करू," येसू म्हणाली, "आणि दुसऱ्याचे ठिपके तितके चिंचोके प्रत्येक रांगेत. पण नको बाई, मला एवढं मोजायला जमायचं नाही."

"मी आहे ना! टाक फासे!"

आठवड्याभरात युवराज रांगा मांडायचाच विसरला. फासे जमिनीला टेकायच्या आत उत्तर तोंडात!

दसरा उजाडला. भरल्या दरबारात राजाने फासे टाकले. सहा आणि पाच.

"तीस!" युवराज म्हणाला.

राजाने बोटं मोजली. हाताची संपली, तेव्हा जोडे काढले. पायाचीही संपली, तेव्हा प्रधानाची उसनी घेतली. "तीसच आहेत!" त्याचा चेहरा क्षणभर खुलला आणि लगेच हट्टाने घट्ट मिटला. "म्हणजे तू याला शिकवलंस! अट मोडली! शिपाई, कुदळी काढा!"

दाराशी उभा असलेला भागोजी शिपायांच्या आडवा आला.

"थांबा, महाराज," येसू म्हणाली. "कोणी कोणाला शिकवलं, ते युवराजांनाच विचारा."

"ही शिकवणार?" युवराज खो खो हसला. "आबासाहेब, हिला काही म्हणजे काही येत नाही! मीच शिकवतोय हिला. दोन न् दोन पाच म्हणते! इतकी ढ मुलगी मी जन्मात पाहिली नाही!"

"चुका मी केल्या, सुधारल्या युवराजांनी. मग गुरुजी कोण, महाराज?"

राजाने डोळे बारीक केले. "खरंच इतकी ढ आहेस तू?"

"ढ राहायला फार अक्कल लागते, महाराज! बरोबर उत्तर माहीत असल्याशिवाय दर वेळी नेमकं चुकायचं कसं?"

युवराजाचा आ वासला. "म्हणजे तुला येत होतं? लबाड!"

आणि राजा हसला! असा हसला, की मुकुट नाकावर आला. "आवा राहील! भागोजी, तुला पागोटं, येसूला सोन्याचं कडं. आणि राज्यातल्या प्रत्येक घरात एकेक फाशांची जोडी! पोरं घरीच खेळू देत. सगळे फासे तूच भाजायचेस!"

"मग धूर दुप्पट होईल, महाराज," येसू म्हणाली.

"होऊ दे! श्रीखंड खिडकी लावून खाऊ!"

तेवढ्यात युवराजाने फासे उचलून राजापुढे टाकले. दोन्ही सहा. "सांगा, आबासाहेब! बोटं न मोजता!"

राजाला घाम फुटला. त्याने प्रधानाकडे पाहिलं, प्रधानाने छताकडे. मग राजाची नजर हळूच खिडकीबाहेर, फणसाकडे वळली.

"नको, महाराज!" येसू म्हणाली. "ती फांदी तुम्हाला पेलायची नाही. त्यापेक्षा खाली बसा, मी चुकीचं उत्तर सांगते!"

राजा पोट धरून हसत सिंहासनावरून उतरला आणि चिंचोक्यांपुढे मांडी घालून बसला.