कौतिकाबाईंचं लुगडं

मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात रोग्यांच्या जखमा चिघळायला लागल्या, तेव्हा बडे डॉक्टर रणदिवे यांनी राउंडला येताच फर्मान सोडलं, "नातेवाइकांनी वॉर्डाबाहेर व्हायचं! यांच्या मळक्या कपड्यांनी जंतू पसरतात, असं संशोधन सांगतं." संशोधन म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

कौतिकाबाई नवऱ्याच्या खाटेवर वरणभाताचं ताट ठेवून बसल्या होत्या. अर्धांग झालेला तो दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेत नसे.

डॉक्टरांनी त्याला वाकून तपासलं, मग शेजारच्या रोग्याच्या पायाची जखम वाकून पाहिली. मागं विद्यार्थ्यांचा घोळका होता.

"बाई, अजून इथंच? ते लुगडं घेऊन निघा आधी!"

"निघते की. पण डॉक्टरसाहेब, मी सकाळपासून या एकाच खाटेपाशी बसलेय. खाटाखाटांवरून फिरतंय ते दुसरंच."

"काय फिरतंय? दाखवा, मग बसा खुशाल!"

"ते काय, तुमच्या गळ्यात. आत्ता आमच्या ह्यांच्या वरणात बुडालं, नि तसंच शेजारच्यांच्या जखमेवर टेकलं."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. टायचं टोक पिवळंधमक झालं होतं. त्यांनी तो घाईघाईनं उतरवून खिशात कोंबला.

"खिशात नका घालू," डब्यातून दुसरा वरणभात काढून कालवत बाई म्हणाल्या. "धुवायला टाका. लुगडं मी रोज धुते."