पहिल्या पायरीवरची मूठ

एका डोंगराखाली एक गाव होते आणि त्या गावात एक म्हातारी सुईण राहत होती. डोंगराच्या माथ्यावर राजाचा किल्ला, आणि गावापासून किल्ल्याच्या दरवाजापर्यंत तीनशे दगडी पायऱ्या. गावातले निम्म्याहून अधिक लोक या सुईणीच्या हातावर जन्मलेले. म्हणून लहानथोर सगळे तिला आक्का म्हणत, आणि एक राजा सोडला तर ती सगळ्यांना अरेतुरे करी, मग समोर गुराखी असो नाहीतर राजाचा सरदार.

त्या गावाची एक जुनी रीत होती. सुगी झाली की प्रत्येक घरातून एक मूठ नाचणी किल्ल्यावरच्या कोठारात जायची. नाव मुठीचे, पण ज्याचे पीक चांगले तो सूप भरून देई. राजाच्या पणजोबांनी एका मोठ्या दुष्काळानंतर ही रीत घातली होती. गावात जो कोणी आंधळा होईल, आजारी पडेल, म्हातारा होईल, त्याला त्या कोठारातून वर्षभराचा वाटा मिळायचा; तो शेजारीपाजारी खाली आणून देत. अंगात बळ होते तेव्हा त्यानेही मूठ दिलेलीच असायची, त्यामुळे घेताना कोणाची मान खाली जात नसे. ढोल वाजवत, टोपल्या डोक्यावर घेऊन सारे गाव पायऱ्या चढायचे. या सणाला म्हणत मूठ चढवणे. आक्काने चाळीस वर्षे मूठ चढवली होती.

पुढे कोठारावर एक नवा अधिकारी आला. त्याला सगळे कोठावळे म्हणत. माणूस हुशार, पण संशयी. वाटा घेणाऱ्यांत निम्मे तरी आयतोबा असणार, असे त्याने मनाशी पक्के धरले होते. त्याने नियम काढला, ‘ज्याला वाटा हवा त्याने स्वतः पायऱ्या चढून यावे. खरी गरज असेल तो येईलच.’

आता झाले असे, की आक्काचे गुडघे तोवर पार गेले होते. दहाव्या पायरीवरच ती मटकन खाली बसली. चढता आले नाही, म्हणून तिचा वाटा बंद झाला.

तिच्या शेजारी एक आंधळा दोरवाला राहत होता. पूर्वी तो दोरखंड वळायचा, पण आता त्याची बोटेही आखडली होती. तो मात्र जिद्दीचा. कडेच्या भिंतीला हात लावत, ठेचकाळत, सकाळचा निघालेला तो दुपारी किल्ल्याच्या दरवाजाशी पोहोचला. कोठावळ्यांनी त्याला नीट न्याहाळले.

“एकटाच आलास?”

“होय साहेब, एकटाच.”

“तीनशे पायऱ्या एकट्याने चढलास! मग तू दुबळा कसा? जा घरी.”

दोरवाल्याने परत येऊन हे सांगितले तेव्हा आक्का आधी खो-खो हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. “म्हणजे चढलं नाही तरी उपाशी, आणि चढलं तरी उपाशी,” ती म्हणाली. “यापेक्षा भिंतीवर नुसता चितारलेला दरवाजा बरा!”

तिकडे वर कोठारात धान्य पडून राहिले, त्याला कीड लागली. कोठावळ्यांनी राजाला सांगितले, “महाराज, आपल्या राज्यात दुबळे कोणी उरलेच नाही. वाटा मागायला कोणी येतच नाही.” राजा खूश झाला. पाहुण्यांना तो हे मोठ्या कौतुकाने सांगू लागला.

आक्का काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. दर बाजारच्या दिवशी ती दोरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्यांशी येऊन बसे. ती त्याचे डोळे, तो तिचे पाय. हळूहळू आणखी दुबळे लोक तिथे जमू लागले. लकव्याने एक अंग गेलेला लोहार आला, खोकून खोकून खंगलेली विणकरीण आली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते थांबवत आणि आपले म्हणणे सांगत. “आम्ही भीक मागत नाही. आमचा वाटा मागतो. तो पायऱ्यांच्या वर अडकलाय, तो खाली आणा.”

पहिल्या बाजारी लोक ऐकून पुढे गेले. दुसऱ्या बाजारी काही थांबले. तिसऱ्या बाजारी पाणवठ्यावर बायकांमध्ये दुसरा विषयच नव्हता. गावाने पाच जाणती माणसे किल्ल्यावर पाठवली. कोठावळ्यांनी त्यांना गूळपाणी दिले, म्हणणे ऐकले, आणि राजाला न भेटवताच खाली पाठवले.

सुगीला आठवडा उरला असताना कोठावळे स्वतः आक्काच्या झोपडीत आले. मागे दोन भोई, त्यांच्या खांद्यावर नाचणीचे भरलेले पोते.

“आक्का, तुमचा वाटा,” ते गोड आवाजात म्हणाले. “तुमच्यासाठी खास घरपोच आणलाय. दरवर्षी आणीन. तुम्ही फक्त ते पायऱ्यांशी बसणं बंद करा. तुम्ही उठलात की बाकीचे आपोआप उठतील.”

खरे सांगायचे तर आक्काच्या तोंडाला पाणी सुटले. दोन दिवस चूल पेटली नव्हती. त्या पोत्याच्या वासानेच तिला तव्यावर फुगलेली भाकरी दिसू लागली. तिने पोत्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काही उचलला नाही.

“आणि शेजारच्या दोरवाल्याचं पोतं?” तिने विचारले.

“त्याचं नंतर बघू.”

“लोहाराचं? विणकरणीचं?”

कोठावळ्यांनी पोते तिच्याकडे आणखी थोडे सरकवले.

आक्काने हात काढून घेतला. “बाळा, तुझा जन्म माझ्या हातावर झालाय. तू पायाळू. डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढलेस. दीड दिवस तुझ्या आईजवळून मी हलले नाही. तेव्हा तुझी आई मला म्हणाली नाही, की आधी पायऱ्या चढून दाखव मग लेकराला हात लाव. घेऊन जा हे पोतं. एकटीला मिळालं तर ती मेहेरबानी झाली. सगळ्यांना मिळेल तेव्हा तो वाटा होईल.”

भोयांनी पोते उचलले. ते दोघेही आक्काच्याच हातावर जन्मलेले होते. जाताना त्यांनी मालकाच्या नकळत तिला वाकून नमस्कार केला आणि मग संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर करून टाकली.

ती उपाशीच झोपली, पण तिने आपले म्हणणे सोडले नाही. आमच्या गोष्टीतली आक्का ही अशी!

मूठ चढवण्याचा दिवस उजाडला. ढोल घुमू लागले, टोपल्या भरल्या गेल्या, गाव नटूनथटून पायऱ्यांशी आले. बघतात तर पहिल्याच पायरीवर आक्का बसलेली, पदराची गाठ हातात धरून.

“आक्का, तू इथे कशी?” कुंभारणीने विचारले. तिच्या डोक्यावर शिगोशीग भरलेले सूप होते.

“मूठ द्यायला आले.”

“तू? तुझ्याकडे कुठली नाचणी?”

“चार दिवस सरवा वेचला,” आक्का म्हणाली. कापणीनंतर शेतात गळून पडलेली कणसे ती आणि दोरवाला बसत-सरकत वेचत होते. तिने गाठ सोडली आणि मूठभर नाचणी पायरीवर ठेवली. “चाळीस वर्षांत एकदाही चुकवली नाही, आजही चुकवणार नाही. पण मला वर चढता येत नाही. ज्यांच्यासाठी ही मूठ आहे, त्यांनाही चढता येत नाही. म्हणून माझी मूठ इथेच राहील.”

ढोल थांबले. कुंभारीण त्या मूठभर दाण्यांकडे बघत राहिली. मग तिने वर किल्ल्याकडे पाहिले, डोक्यावरचे सूप उतरवले आणि आक्काच्या मुठीशेजारी ओतले.

“माझीही इथेच,” ती म्हणाली.

मग तेली आला, माळी आला, गुराखी आला. कोणी कोणाला सांगितले नाही, कोणी ओरडले नाही. टोपलीमागून टोपली रिकामी झाली आणि दुपारपर्यंत पहिल्या पायरीवर नाचणीची माणूसभर उंच रास लागली. पायरी ओलांडून वर मात्र एक दाणा गेला नाही.

वर किल्ल्याच्या तटावर राजा वाट बघून कंटाळला. त्याने पालखी मागवली, तर भोईच नाहीत. तेही आपापली मूठ घेऊन खाली गेले होते आणि तिथेच बसले होते. शेवटी राजा पायी निघाला. मागे घाम पुसत कोठावळे.

राजाने आयुष्यात त्या पायऱ्या कधी पायी उतरल्या नव्हत्या. शंभराव्या पायरीला त्याचे पाय लटपटू लागले, दोनशेव्या पायरीला श्वास लागला आणि अगदी शेवटच्या पायरीवर कंबरेत अशी उसण भरली की “आई गं!” म्हणून तो राशीशेजारीच बसला, आक्काच्या बरोबर बाजूला.

“उसण होय?” आक्का म्हणाली. “घाबरू नका महाराज. पायाळू माणसानं कंबरेला पाय लावला की उतरते, असं म्हणतात. तुमचा कोठावळा पायाळूच आहे. लाव रे पाय!”

कोठावळ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. राजाला लाथ मारायची? पण राजा कळवळून म्हणाला, “अरे लाव की!” तेव्हा त्यांनी डोळे मिटून राजाच्या कंबरेला जेमतेम अंगठा टेकवला. सारे गाव खदखदून हसले. राजासुद्धा हसला. उसण काही उतरली नाही.

“आक्का, आता मी वर कसा जाऊ?” राजाने विचारले.

“चढून,” आक्का शांतपणे म्हणाली. “तुमच्या राज्यात ज्याला खरी गरज असते तो चढून येतो, असा नियम आहे.”

हसणे थांबले. राजाने कोठावळ्यांकडे पाहिले. कोठावळे मान खाली घालून उभे. मग राजाला पायरीवर बसलेले सगळेच दिसले. आंधळा दोरवाला दिसला, लोहाराचा लुळा हात दिसला, आणि आक्काचे सुजलेले गुडघे दिसले.

“आक्का, तुमचे गुडघे कधी गेले?”

“महाराज, तुमच्या दोन्ही राजकन्यांच्या वेळी मी या पायऱ्या धावत चढले होते. गावातल्या प्रत्येक बाळासाठी गल्लीबोळ तुडवले. हे गुडघे असे कामाला येऊन गेलेत. त्याची मला लाज नाही. आणि वाटा मागायचीही लाज नाही.”

राजाचे डोळे पाणावले. “दुबळे कोणी उरले नाही म्हणून मी मिरवत होतो,” तो म्हणाला, “आणि तुम्ही सगळे इथे खाली बसला होता.” त्याने तिथेच, कंबर धरून, हुकूम दिला. कोठार यापुढे पहिल्या पायरीशी राहील. ज्याला तिथवरही येता येत नाही त्याचा वाटा घरी पोहोचेल. आणि चढून दाखवल्याबद्दल किंवा न चढल्याबद्दल कोणालाही परत पाठवले जाणार नाही.

राजाने पहिले माप स्वतः भरून आक्कापुढे धरले. तिने ते दोरवाल्याच्या उपरण्यात ओतायला लावले. मग लोहाराचे, मग विणकरणीचे. सगळ्यांत शेवटी तिने आपला पदर पसरला, तोही ताठ मानेने. चाळीस वर्षे आपण चढवलेलीच मूठ परत येते आहे, हे तिला ठाऊक होते.

राजाला भोयांनी पालखीतून वर नेले. कोठावळ्यांना मात्र त्या दिवसापासून रोज तीनशे पायऱ्या उतरून कामावर यावे लागले आणि तीनशे चढून घरी जावे लागले. महिन्याभरात ते आयतोबा हा शब्दच विसरले. आणि पुढच्या सुगीला ढोल वाजले तेव्हा राशीची पहिली मूठ ठेवायला गावाने आक्काला खांद्यावर उचलून आणले. अवघ्या एका पायरीपर्यंतच, पण असा थाट राजाच्या पालखीलाही कधी लाभला नव्हता.

तात्पर्य विचाराल तर: दुबळ्याला मदत देण्याआधी त्याच्या बळाची परीक्षा घेऊ नये, त्याचा वाटा त्याचा हात पोहोचेल तिथे ठेवावा. आणि तो तिथे ठेवला जात नसेल, तर सगळ्या गावाने त्याच्यासोबत पहिल्या पायरीवर बसावे.